ठोकळ्यांचं शहर: आधी जमीन, मग इमारती

लेगोच्या ठोकळ्यांचं शहर उभारताना बहुतेक घरांत सुरुवात इमारतींपासून होते. सेट येत जातात, इमारती वाढत जातात, टेबल भरतं. मग दिसतं, की रस्ता चौकात पोचेपर्यंत दोन बोटं सरकलाय, आगगाडी वळणावर फलाटाला घासतेय आणि फुटपाथ रस्त्याच्या खाली गेलाय. तिन्ही गोष्टींचं मूळ जमिनीत आहे, आणि वर पंधरा इमारती बसल्यावर जमीन बदलणं म्हणजे सगळं शहर उचलणं. म्हणून क्रम उलटा ठेवा: माप, टेबल, रूळ, उंची, रस्ते आणि सगळ्यात शेवटी इमारती.

१६ स्टडची चौकट

स्टड म्हणजे ठोकळ्याच्या डोक्यावरचं गोल बटण. लेगोच्या दोन शेजारच्या स्टडमधलं अंतर, मध्यापासून मध्यापर्यंत, ८ मिलिमीटर असतं. ब्रिकची, म्हणजे नेहमीच्या ठोकळ्याची, उंची ९.६ मिलिमीटर, पातळ प्लेटची आणि वरून गुळगुळीत, बिनस्टडच्या टाइलची ३.२, म्हणजे तीन प्लेटा एकावर एक चढवल्या की एक ब्रिक. पुढचा सगळा हिशेब या तीन आकड्यांवर चालतो.

शहराचं एकक मात्र स्टड धरू नका, १६ स्टड धरा. १६ स्टड म्हणजे १२.८ सेंटिमीटर. रुळाचा सरळ तुकडा १६ स्टड लांब असतो. २०२१ पासून आलेल्या रोड प्लेट, म्हणजे रस्त्याचे तयार तुकडे, १६×१६ च्या आहेत, सोबत ८×१६ चे अर्धे तुकडे. नेहमीची बेसप्लेट, म्हणजे सगळ्याखाली पसरायची पातळ चौकोनी प्लेट, ३२×३२ ची, म्हणजे २५.६ सेंटिमीटर, मोठी ४८×४८ ची, म्हणजे ३८.४. २००७ पासून निघणाऱ्या मॉड्युलर इमारती, म्हणजे शेजारी शेजारी जोडता येणाऱ्या मोठ्या इमारतींचे सेट, बहुतेक ३२×३२ वरच उभ्या असतात. हे सगळं १६ च्या पटीत बसतं, त्यामुळे टेबलावर १२.८ सेंटिमीटरच्या चौकटी आखल्या की कोणती वस्तू कुठे बसेल ते ठोकळे न लावताच कळतं. ४८ ची बेसप्लेटही याच चौकटींत बसते, तीन बाय तीन. फक्त ३२ च्या ओळीत ती मध्येच आली की पुढच्या सगळ्या सांधी अर्ध्या बेसप्लेटने सरकतात, तेव्हा तिला कडेची जागा द्या: बाग, मैदान, बंदर.

दुसऱ्या कंपन्यांचे ठोकळे लेगोवर बसतात, पण बेसप्लेटच्या बाबतीत सावध राहा. एक प्लेट सुटी मोजली तर फरक कळत नाही. तीन प्लेटा ओळीने लावून स्टीलच्या पट्टीने मोजा: ७६.८ सेंटिमीटर यायला हवेत. मिलिमीटर-दीड मिलिमीटर जास्त आले, तर नऊ प्लेटांच्या ओळीत तो फरक अर्ध्या स्टडपर्यंत जातो आणि शेवटच्या सांध्यावर आडवी टाकलेली प्लेट बसतच नाही. जाडीही वेगळी निघते. अशा प्लेटा वापरायच्याच असतील तर एक अख्खा भाग त्यांचाच करा, सरमिसळ नको.

टेबल

आठ बाय चार फुटांचा प्लायवुडचा अख्खा तक्ता या कामाला फार सोयीचा पडतो. त्याची लांबी साधारण २४४ सेंटिमीटर, आणि १९ चौकटी म्हणजे २४३.२. जणू मापून कापलाय. रुंदी १२२ सेंटिमीटर. तिच्यात ९ चौकटी, म्हणजे ११५.२, बसतात आणि कडेला सहा-सात सेंटिमीटर उरतात. ही उरलेली पट्टी भरायच्या फंदात पडू नका. मागच्या बाजूला ठेवली तर वायरी आणि यूएसबी हब तिथे राहतात.

खरी अडचण रुंदीची असते. उभ्या माणसाचा हात टेबलावर साधारण ७५ सेंटिमीटरपर्यंत आरामात पोचतो. त्यापलीकडे वाकावं लागतं, आणि वाकलं की कोपर पुढच्या इमारतीच्या गच्चीवर टेकतं. भिंतीला चिकटलेलं १२२ सेंटिमीटर रुंद टेबल म्हणजे मागच्या ओळीवर धूळ साचणार आणि तिथे घसरलेली गाडी तिथेच राहणार. दोन उपाय आहेत. टेबलाला ब्रेकवाली चाकं लावून ते ओढता येईल असं करा, किंवा भिंतीला लागूनच ठेवायचं असेल तर रुंदी तीन बेसप्लेटांवर, ७६.८ सेंटिमीटरवर, आवरती घ्या. मोठं पण हात न पोचणारं टेबल घेण्यापेक्षा लहान टेबल बरं.

१२ मिलिमीटरचा प्लाय पुरतो, पण खाली चौकट हवी: कडेने लाकडी पट्ट्या आणि मध्ये दर ४० ते ६० सेंटिमीटरवर आडवी पट्टी. एका मॉड्युलर इमारतीचं वजन दोन-तीन किलो सहज भरतं. दहा इमारती एका बाजूला आल्या की आधार नसलेला तक्ता हळूहळू पोटात बसतो. इमारतींना त्याचं काही वाटत नाही, रुळांना वाटतं. सांध्याला पायरी पडते आणि गाडी नेमकी तिथेच उतरते. टेबल जागेवर ठेवल्यावर पाणसळ लावून दोन्ही दिशांनी बघा. उंची मोठ्यांसाठी ८०-९० सेंटिमीटर, लहान मुलं खेळणार असतील तर ५५-६०.

वायरींची भोकं आत्ताच पाडून घ्या, २०-२५ मिलिमीटर व्यासाची, दर चार चौकटींमागे एक आणि तीही चौकटींच्या रेघेवर. शहर बसल्यावर ड्रिल चालवलं तर लाकडाचा भुसा प्रत्येक स्टडच्या फटीत जाऊन बसतो.

कागदावर, मग पुठ्ठ्यावर

संगणकावर आराखडा करायचा असेल तर ब्लूब्रिक हा मोफत प्रोग्राम नेमका याच कामासाठी आहे. बेसप्लेट, रस्ते आणि रूळ खऱ्या मापात मांडता येतात. एखादी इमारत स्वतः रचायची असेल तर ब्रिकलिंकचं स्टुडिओ वापरा, ते सुट्या भागांची यादीही काढून देतं. तरी पुठ्ठ्याला पर्याय नाही. २५.६ सेंटिमीटरचे दहा-बारा चौकोन आणि १२.८ चे वीसेक कापा, टेबलावर मांडा आणि दोन-चार दिवस तसेच राहू द्या. पडद्यावर छान दिसणारा चौक प्रत्यक्षात हाताच्या टप्प्याबाहेर आहे, हे पुठ्ठा पहिल्याच दिवशी सांगतो.

रूळ सगळ्यात हट्टी

शहरात आगगाडी असेल तर पहिली जागा तिची, कारण तिच्या वळणाचा आकार आपल्या हातात नाही. लेगोच्या नेहमीच्या वळणाची त्रिज्या रुळांच्या मध्यरेषेपर्यंत ४० स्टड असते. प्रत्येक तुकडा २२.५ अंश वळतो, म्हणजे अर्ध्या गोलाला ८ तुकडे आणि पूर्ण गोलाला १६. स्लीपरची रुंदी ८ स्टड. म्हणजे गोलाचा बाहेरचा व्यास ८८ स्टड, ७०.४ सेंटिमीटर, आणि आतला ७२ स्टड.

हा ७२ चा आकडा लक्षात ठेवा. दोन समांतर सरळ रुळांच्या आत ७२ स्टडची पट्टी मिळते. तिच्यात दोन बेसप्लेटा, म्हणजे ६४ स्टड, बसवल्या की दोन्ही बाजूंना बरोबर ४-४ स्टड मोकळे राहतात. सिग्नल, कुंपण, खांब यांना तेवढी जागा पुरते. लांबीचंही तसंच, दर बेसप्लेटमागे दोन सरळ तुकडे. आत चार बेसप्लेटांची लांबी हवी असेल तर एका बाजूला ८ सरळ, दोन्ही बाजू मिळून १६ सरळ आणि १६ वळणं. सगळा वेढा १२८ अधिक ८८, म्हणजे २१६ स्टड, १७२.८ सेंटिमीटर लांब होतो. आठ फुटी टेबलावर आरामात बसतो आणि बाजूला पाच चौकटी उरतात. दोन्ही टोकांना आत अर्धगोल मोकळे राहतात. तिथे चौकोनी इमारत कोंबू नका, कोपरा रुळावर येतो. टेकडी, तळं, बाग यांच्यासाठी ते अर्धगोल उत्तम.

सांधा, म्हणजे रूळ बदलायचा तुकडा, ३२ स्टड लांब असतो. त्याच्यासोबतचं वळण लावलं की दुसरा रूळ पहिल्याला समांतर होतो आणि दोघांच्या मध्यरेषांत १६ स्टडचं अंतर पडतं. स्लीपरच्या कडांमध्ये उरतात ८ स्टड. ८ स्टड रुंद फलाट सरळ भागात तिथे कसाबसा बसतो, पण ६ चा करा. पायऱ्या, आरसे, दारांच्या मुठी असं काहीतरी डब्याबाहेर आलेलं असतंच.

वळणावर किती जागा सोडायची ते आकड्यांवरून ठरवू नका, डब्यावरून ठरवा. लांब डब्याचं पोट वळणाच्या आत येतं आणि टोकं बाहेर झुकतात. तुमच्याकडचा सगळ्यात लांब डबा घ्या, त्याच्या मध्याला आतल्या बाजूने आणि टोकाला बाहेरच्या बाजूने एकेक पेन्सिल टेपने बांधा, खाली कागद पसरा आणि डबा हाताने वळणावरून फिरवा. कागदावर उमटलेल्या दोन रेघा ही तुमची हद्द. तिच्यापलीकडे आणखी एक स्टड सोडून मगच खांब, फलाट, बोगद्याची भिंत.

गाडी उतरण्याची कारणं ठरलेली असतात. डावं वळण संपताच उजवं सुरू झालं तर जोडलेले डबे एकमेकांना उलट दिशांनी ढकलतात. मध्ये निदान एक सरळ तुकडा टाका. दोन रुळांच्या जोडावर उंचीचा फरक असेल तर खालून कागदाची घडी सरकवून तो काढा. मधला डबा हलका आणि मागचे जड असतील तर ओढीने हलका डबा वळणाच्या आत कलंडतो, तेव्हा जड डबे इंजिनाला लागून ठेवा.

एक मोह मात्र आधीच आवरा: रुळावरून रूळ नेण्याचा. खालच्या गाडीला मोकळं जायला साधारण १२ ब्रिकची उंची लागते, म्हणजे ३६ प्लेटा. दर सरळ तुकड्याला एक प्लेट हा सुखाचा चढ, म्हणजे अडीच टक्के. या हिशेबाने नुसता चढ साडेचार मीटरहून लांब होतो, आणि उतार वेगळाच. दर तुकड्याला दोन प्लेटा केल्या तरी २३० सेंटिमीटर लागतात, आणि तेवढ्या चढावर चार डब्यांची गाडी चाकं फिरवत जागीच उभी राहते. वरचा मार्ग हवाच असेल तर तो पूर्ण वेढा खांबांवर सपाट ठेवा, खाली उतरवूच नका.

उंचीचा घोळ

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. प्लेटच्या जाडीचा फरक सुट्या ठोकळ्यात जाणवत नाही, रस्त्याच्या कडेला मात्र लांबून दिसतो.

बेसप्लेट ही साध्या प्लेटपेक्षा पातळ असते, साधारण दीड मिलिमीटर, आणि खालून सपाट. म्हणजे ती कशावरही बसत नाही, नुसती टेकते. रोड प्लेट दोन प्लेटा जाड, ६.४ मिलिमीटर. आता मॉड्युलर इमारत आणि रोड प्लेट दोन्ही थेट टेबलावर ठेवून बघा. इमारतीचा फुटपाथ म्हणजे बहुधा बेसप्लेटवर बसवलेली एक टाइल: १.५ अधिक ३.२, साधारण ४.७ मिलिमीटर. रस्ता ६.४. फुटपाथ रस्त्याच्या खाली! जुन्या छापील रस्त्यांच्या बेसप्लेटांसोबत हा प्रश्न नव्हता, कारण दोन्हीकडे बेसप्लेटच असायची.

सोपा उपाय: इमारतींच्या खाली ५ मिलिमीटर जाडीचा सनबोर्ड किंवा फोमबोर्ड घाला. ४.७ अधिक ५ म्हणजे ९.७, रस्त्यापेक्षा ३.३ ने वर. जवळजवळ एका प्लेटएवढा कठडा, हुबेहूब खऱ्या फुटपाथसारखा. ३ मिलिमीटरचा बोर्ड घेतला तर कठडा दीड मिलिमीटरचाही भरत नाही आणि चुकून राहिल्यासारखा दिसतो. बोर्ड कापताना २५.६ च्या चौकोनापेक्षा दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिलिमीटर लहान कापा, म्हणजे कडेने डोकावत नाही आणि शेजारच्या तुकड्याला ढकलत नाही. कापण्याआधी आपल्या बेसप्लेटची आणि फुटपाथची जाडी मोजून घ्या. काही इमारतींत टाइलखाली आणखी एक प्लेट असते. तिथे बोर्ड बारीक लागतो.

दुसरा उपाय खर्चिक आहे, पण शहरात नदी, कालवा किंवा भुयारी जिना हवा असेल तर तोच: जमीनच पोकळ आणि उंच करायची. खाली बेसप्लेट, मध्ये एक ब्रिक उंचीचे आधार, वर १६×१६ च्या प्लेटा. एका ३२×३२ तुकड्याला लागणारं सामान असं:

- ३२×३२ बेसप्लेट: १
- १६×१६ प्लेट: ४
- २×४ ब्रिक: १३
- २×२ ब्रिक: ४
- १×४ टेक्निक ब्रिक, भोकांची: ८
- टेक्निक पिना: शेजारच्या तुकड्याशी जुळणाऱ्या प्रत्येक बाजूला २

२×२ चार कोपऱ्यांत जातात. टेक्निक ब्रिक कडेने, प्रत्येक बाजूला दोन, कोपऱ्यापासून मोजून सातव्या ते दहाव्या स्टडवर. असं केलं की मधलं भोक प्रत्येक कोपऱ्यापासून बरोबर ८ स्टडवर, ६.४ सेंटिमीटरवर येतं आणि तुकडा कसाही फिरवला तरी शेजाऱ्याच्या भोकाशी जुळतं. सगळ्या तुकड्यांना हाच नियम. एका तुकड्यात ही जागा चुकली की तो कायमचा कडेला जातो. १३ पैकी एक २×४ मधोमध, चारही प्लेटांना धरेल असा. आठ ब्रिक प्लेटांच्या सांध्यांखाली, मध्यापासून निघणाऱ्या चारही बाजूंना दोन-दोन: एक काठाला, एक अर्ध्यावर, आणि प्रत्येक सांध्याला आडवा, म्हणजे दोन्ही प्लेटा एकाच ब्रिकवर बसतात. उरलेले चार प्रत्येक प्लेटच्या मध्याखाली. आधारांमध्ये सहा-सात स्टडपेक्षा जास्त मोकळी जागा सोडली की वरून दाबताना प्लेट लवते आणि सांध्याला उघडते.

पिना काळ्या घेऊ नका. त्या घट्ट बसायलाच केलेल्या असतात आणि तुकडा सोडवताना प्लेटा उचकटतात. राखाडी, सहज फिरणाऱ्या पिना इथे पुरतात.

अशा जमिनीत नदीसाठी वरची प्लेट आणि आधार काढले की एक ब्रिक आणि एक प्लेट खोल खड्डा मिळतो. तळाला गडद निळ्या प्लेटा, काठाकडे फिक्या निळ्या आणि वर पारदर्शक निळ्या टाइल. पारदर्शक टाइल नुसत्या हिरव्या बेसप्लेटवर लावल्या तर पाणी शेवाळलेलं दिसतं. तसं तळं हवं असेल तर गोष्ट वेगळी.

सगळं शहर असं उंच करायची गरज नाही. पाण्याच्या आणि रस्त्याच्या पट्ट्या उंच करा आणि बाकीच्या इमारतींखाली त्या उंचीला जुळणारा जाड बोर्ड घाला. सामान अर्ध्यावर येतं, आणि इमारतींच्या खाली काय आहे ते कुणाला दिसतही नाही.

रस्ते

गाड्यांची रुंदी आधी बघा. आजच्या सिटी मालिकेतल्या गाड्या बहुधा ६ स्टड रुंद असतात, स्पीड चॅम्पियन्सच्या २०२० पासून ८ स्टड. ६ च्या गाडीला ८ स्टडची एक लेन हवी, म्हणजे दोन लेनचा रस्ता १६ चा, बरोबर एक चौकट. ८ ची गाडी अशा लेनमध्ये दोन्ही रेघा झाकते. अशा गाड्या रस्त्यावर सोडण्यापेक्षा शोरूमसमोर उभ्या करा.

रस्ता टाइलने स्वतः करणार असाल तर ३२ लांब, १६ रुंद तुकड्याला २×४ च्या ६४ टाइल लागतात. गडद राखाडी एकच रंग घेतला तर रस्ता नवा कोरा दिसतो, कुठेकुठे फिक्या राखाडीच्या चार-पाच टाइल टाकल्या की वापरातला वाटतो. मधल्या रेघेचा पेच लोकांना उशिरा कळतो. रस्ता १६ स्टडचा, म्हणजे त्याचा मध्य दोन स्टडच्या सांध्यावर येतो आणि एक स्टड रुंद रेघ मध्यावर बसूच शकत नाही, एका बाजूला झुकते. जंपर प्लेट (दोन स्टडच्या जागेत मधोमध एकच स्टड असलेली) वापरून अर्धा स्टड सरकवता येतं, पण मग उंचीचा नवा हिशेब सुरू होतो. त्यापेक्षा ७ अधिक २ अधिक ७ करा: मध्ये दोन स्टडचा दुभाजक, थोडी झुडपं, दिव्यांचे खांब. दिसायलाही भरगच्च.

रस्ता रूळ ओलांडतो तिथे फाटक लागतं. रुळांच्या मधली जागा टाइलने भरा, पण रुळाच्या आतल्या अंगाला चाकाची कड फिरेल एवढी फट सोडा आणि टाइल रुळाच्या माथ्याच्या वर जाऊ देऊ नका. तिथे इंजिन हाताने चारदा ढकलून बघा. बॅटरीवर धावताना अडकलं तर मागचे डबे एकावर एक चढतात.

इमारती बसवताना

उंच इमारती मागे, बुटक्या पुढे, हे सगळे सांगतात आणि बरोबरच आहे. पण ओळीने चढत जाणारी शहरं नाट्यगृहातल्या खुर्च्यांसारखी दिसतात. दर चार-पाच बुटक्या इमारतींमागे एखादी उंच पुढे येऊ द्या, विशेषतः चौकाच्या कोपऱ्यावर. कोपऱ्याची इमारत दोन रस्त्यांना तोंड देते, तेव्हा ती आधी ठरवा आणि बाकीची ओळ तिच्यापासून दोन्ही बाजूंना मोजत न्या.

मॉड्युलर इमारतींना बाजूला टेक्निकची भोकं असतात आणि पिनेने त्या एकमेकींना जोडता येतात. सहा इमारतींची अख्खी ओळ जोडली की मधली एक काढायला एका बाजूच्या सगळ्या सरकवाव्या लागतात. दोन-दोनच्या जोड्या करा, जोड्यांमध्ये पिना नकोत. शेजारी ठेवण्याआधी बाजूच्या भिंती बघा: सज्जा, पावसाचा नळ, झेंडा, छपराची कड यांपैकी काही ३२ च्या हद्दीबाहेर डोकावत असेल तर दोन इमारतींत फट राहते आणि पुढच्या सगळ्यांची रांग बिघडते. हद्दीवरच्या दोन सपाट भिंतींना मात्र अडचण नसते; ब्रिक आपल्या चौकटीपेक्षा केसभर लहानच असतो.

१६ रुंदीच्या अर्ध्या इमारती दोन-तीन तरी ठेवा. ओळीत शेवटी एक चौकट उरते ती त्यांनीच भरते. त्याहून कमी, ८ स्टड उरले तर ती गल्ली: कचऱ्याचे डबे, जिना, वाळत घातलेले कपडे, मांजर. इमारतींच्या मागच्या बाजू टेबलाच्या कडेला येत असतील तर त्या सुन्या सोडू नका. चाकांचं टेबल ओढलं की तीच बाजू आधी दिसते.

माणसं एकेकटी सगळीकडे पेरू नका. चार-चार जणांचे घोळके करा आणि प्रत्येक घोळक्याला काहीतरी काम द्या: बसची रांग, भांडण, फोटो काढणं. झाडांची उंची सारखी नको. दिव्यांचे खांब मात्र ठरलेल्या अंतरावर हवेत, चौकटीमागे एक.

दिवे

यूएसबीवर चालणाऱ्या एलईडीच्या वायरी केसासारख्या बारीक असतात. दोन स्टडच्या मधून त्या जातात, स्टडच्या डोक्यावरून नेल्या तर वरचा ठोकळा दाबताना तुटतात. प्रत्येक इमारतीची वायर तिच्या मागच्या कोपऱ्यातून खाली उतरवा आणि तिथे जोडणी ठेवा, म्हणजे इमारत उचलताना दिवे ओढले जात नाहीत. टेबलाखालच्या हबवर कोणती वायर कोणत्या इमारतीची ते चिकटपट्टीवर लिहा. पॉवर बँकवर दिवे लावले आणि अर्ध्या मिनिटात विझले तर दिवे खराब नाहीत. वीज इतकी कमी जाते की बँकेला वाटतं काहीच जोडलेलं नाही. जास्त इमारती एकत्र जोडा किंवा भिंतीतला अडॅप्टर वापरा.

टिकवणं

खिडकीतून थेट ऊन येणाऱ्या जागी टेबल ठेवू नका. पांढरे, फिके राखाडी आणि निळे ठोकळे पिवळट पडतात, आणि तेही फक्त उन्हाच्या बाजूने, त्यामुळे इमारत फिरवली की पट्टे दिसतात. धुळीला मऊ, रुंद, कोरडा ब्रश, वरून खाली, आठवड्यातून एकदा. रूळ कापडाने पुसा. बारीक केस चाकांच्या आसांना गुंडाळले जातात आणि गाडी संथ होते. ठोकळे धुवायचे झाले तर पाणी ४० अंशांपेक्षा गरम नको. छापील आणि चिकटवलेल्या स्टिकरचे भाग वेगळे काढा. उन्हात वाळवू नका, पंख्याखाली जाळीवर पसरा.

इमारत उचलताना बेसप्लेटच्या दोन विरुद्ध कडांना धरू नका. मधून वाकली की खालच्या मजल्याचे ठोकळे एका ओळीत सुटतात. बेसप्लेटपेक्षा थोडी मोठी पातळ फळी किंवा जाड पुठ्ठा खालून सरकवा आणि त्यावरच न्या. त्यासाठी इमारतीच्या मागच्या कडेला, बोर्डाखाली, आधीपासून एक बोट जागा ठेवलेली बरी.